जिथं मोटार थांबते

लहान मुलांना घेऊन सुट्टीत कुठं जावं, असं कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असतं: जिथं मोटार जात नाही तिथं जा. समुद्र आहे का, बर्फ आहे का, पोहायचा तलाव असलेलं हॉटेल आहे का, हे सगळं मागाहून बघा. पोराचा हात तिथं सोडता येतो का, ते आधी बघा.

आम्ही डोंबिवलीत राहतो. थोरली आठ वर्षांची आहे, धाकट्याला पाचवं लागलंय. त्याची शाळा चालत जाण्याइतकी जवळ, पण ती वाट मी त्याचं मनगट धरून पार करते. पंजा धरला तर निसटतो, म्हणून मनगट. फुटपाथ जिथं आहे तिथं त्यावर दुचाक्या लावलेल्या. जिथं नाही तिथं मागून रिक्षा आणि समोरून उलट्या बाजूनं घुसलेला कुरियरवाला. कडेनं चाल, थांब, समोर बघ. दिवसभरात मी मुलांशी जे बोलते त्यातलं निम्मं बोलणं हेच असतं. वाटेत गोगलगाय दिसली, कुणाच्या कुंपणावर सरडा दिसला, तरी थांबायची सोय नाही. चार-पाच वर्षांचं मूल ज्या नजरेनं जगाकडे बघतं ती नजर पुढं राहत नाही, आणि नेमकी तीच वर्षं आम्ही त्याला ओढत नेण्यात घालवतो. याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून २०२५ च्या मे महिन्यात, शाळांना सुट्टी लागल्यावर, आम्ही माथेरानला गेलो. मी, नवरा, दोन मुलं आणि गुडघ्यांनी हैराण झालेल्या सासूबाई. नातेवाइकांनी हिमाचल सुचवलं होतं, केरळ सुचवलं होतं. एवढ्या जवळ जाऊन काय सुट्टी होणार, असंही कुणी म्हणालं. पण एवढाल्या मुलांना अंतराचं काही नसतं. त्यांना वेळ लागतो, आणि तो देणारी जागा लागते.

डोंबिवलीहून सकाळी मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते, पण त्याच वेळी कर्जतकडे जाणाऱ्या लोकलमध्ये खिडकी मिळते. कल्याण सुटलं, विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर झालं आणि वांगणीनंतर इमारती विरळ होत डोंगराची काळसर रांग जवळ यायला लागली. धाकटा प्रत्येक स्टेशनचं नाव माझ्यामागोमाग मोठ्यानं म्हणत होता. शेलू हे नाव त्याला इतकं आवडलं की नेरळला उतरेपर्यंत तो तेच म्हणत राहिला. नवरा पहाटेच्या गाडीनं पुढं जाऊन नेरळच्या तिकीट खिडकीसमोर उभा राहिला होता. मे महिन्यात त्या छोट्या गाडीची तिकिटं मिळवायची तर हे करावंच लागतं. डबे मोजके, आणि येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला त्यातच बसायचं असतं.

या गाडीबद्दल मुलांना आधीच सांगून ठेवलं होतं. सर आदमजी पीरभॉय हे मुंबईतले मोठे उद्योगपती. त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी १९०४ मध्ये या मार्गाचं काम सुरू केलं आणि १९०७ मध्ये नेरळहून माथेरानला गाडी जायला लागली. सरकारनं नव्हे, एका कुटुंबानं आपल्या पैशानं डोंगरावर रेल्वे चढवली, हे थोरलीला खरंच वाटेना. रूळ अवघे दोन फूट रुंदीचे. का, तर डोंगराच्या अंगानं वळणं इतकी आवळ घ्यावी लागतात की मोठ्या रुळांवरची गाडी तिथं वळूच शकत नाही. तिनं कंपासपेटीतली पंधरा सेंटिमीटरची पट्टी सोबत घेतली होती. माथेरान स्टेशनवर गाडी निघून गेल्यावर बाबाला सोबत घेऊन तिनं रुळांमधलं अंतर मोजलं. चार पट्ट्या आणि वर थोडंसं. ते थोडंसं कशामुळं, हे दोन फुटांचे सेंटिमीटर करून तिनं स्वतःच शोधलं. शाळेत मापनाचा धडा झाला होता, पण तो धडा पुरा झाला तो त्या रुळांवर.

नेरळ ते माथेरान हे अंतर सुमारे २१ किलोमीटर, आणि त्याला अडीच तासांहून जास्त वेळ लागतो. मोठ्या माणसाला हे असह्य वाटू शकतं. माझ्या मुलांना मात्र हा वेग आपला वाटला. खिडकीतून हात काढला तर फांदी लागेल इतकी झाडं जवळ. झाडावरचं घरटं दिसलं की ते पुरतं बघून होईपर्यंत गाडी तिथंच. जुम्मापट्टीला गाडी थांबली तेव्हा लोक खाली उतरून पाय मोकळे करत होते, वडापाव खात होते. पुढं एक छोटासा बोगदा लागला, या मार्गावरचा एकुलता एक. सगळ्या डब्यांतली पोरं एकदम ओरडली आणि आवाज संपायच्या आत उजेड आला. वॉटर पाइप नावाचं स्टेशन लागलं तेव्हा धाकट्यानं विचारलं, इथं नळ आहे का? पूर्वी वाफेची इंजिनं असायची, जर्मनीत बनलेली, चढ चढताना ती तहानायची आणि इथं पाणी प्यायची, असं सासूबाईंनी सांगितलं. त्यांच्या लहानपणी त्यांनी ती इंजिनं पाहिलेली आहेत. त्याच्या पुढं रुळांजवळच्या कड्यावर खडकालाच गणपतीचं रूप दिलेलं आहे. गाडी त्याच्याजवळून जाते तेव्हा सगळा डबा एका बाजूला झुकतो. सासूबाईंनी हात जोडले, आणि त्यांचं बघून धाकट्यानंही.

ही गाडी पावसाळ्यात नेरळपासून धावत नाही, आणि पाऊस कधी कधी तिला फार दिवस गप्प करतो. २००५ च्या जुलैतल्या अतिवृष्टीत मार्ग उद्ध्वस्त झाला होता, पुन्हा २०१९ मध्ये दरडी आणि पाण्यानं रूळ वाहून गेले आणि नेरळहून थेट गाडी सुरू व्हायला २०२२ चा ऑक्टोबर उजाडला. रेल्वेनं ती दर वेळी पुन्हा उभी केली, याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते. नफ्यातोट्याचा हिशेब मांडला असता तर ही गाडी केव्हाच संग्रहालयात गेली असती.

माथेरान स्टेशनवर उतरलो की बाजारपेठ समोरच. जांभ्याच्या दगडाचं हे पठार, त्यामुळं रस्ते लाल, आणि अर्ध्या तासात आमचे बूट, मोजे, धाकट्याच्या चड्डीचा मागचा भाग, सगळं लाल झालं. समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर उंची. मे महिन्यात दुपारी ऊन लागतंच, पण झाडांखाली शिरलं की हवा वेगळी. आणि झाडं सगळीकडे आहेत. जांभूळ, हिरडा, आंबा आणि अंजनी, ज्याच्या फांद्यांना उन्हाळ्यात निळ्या फुलांचे झुबके चिकटलेले दिसतात.

हे ठिकाण इंग्रजांच्या नजरेत आलं तेही मे महिन्यातच. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट चौक गावाच्या बाजूनं वर चढले, आणि मग मुंबईचे गव्हर्नर एलफिन्स्टन यांनी इथं वस्ती वसवायला चालना दिली. अर्थात डोंगराच्या अंगाखांद्यावरच्या वाड्यांतले ठाकूर आणि कातकरी त्याच्या कितीतरी आधीपासून या माथ्यावर ये-जा करत होते. पॉइंटांना इंग्रजी नावं पडली, लुइसा, अलेक्झांडर, पॅनोरमा, पण गावाचा देव पिसरनाथच राहिला. शार्लोट तलावाच्या काठाला त्याचं देऊळ आहे, आणि गावाला पाणी याच तलावातून मिळत आलेलं आहे.

मोटारी मात्र वर येत नाहीत. नेरळहून येणारा घाटरस्ता दस्तुरी नाक्यावर संपतो. तिथं गाड्या लावायच्या आणि पुढचे अडीच-तीन किलोमीटर चालत, घोड्यावर किंवा अमन लॉज स्टेशनवरून सुटणाऱ्या शटलनं जायचं. रुग्णवाहिका आणि आगीचा बंब यांना मुभा आहे. २००३ मध्ये केंद्र सरकारनं हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला, त्यामुळं या बंदीला आणखी बळ मिळालं.

पहिल्या संध्याकाळी बाजारातून हॉटेलकडे चालत होतो. मी सवयीनं धाकट्याचं मनगट धरलेलं. नवरा म्हणाला, सोड की. मी इकडंतिकडं पाहिलं. लांबवर एक घोडा शांतपणे येत होता, त्याच्या टापा आधीच ऐकू येत होत्या. मी हात सोडला. धाकटा दोन पावलं चालला, थांबला, मागं वळून माझ्याकडे पाहिलं. आपल्याला कुणी धरलेलं नाही हे त्याला कळायला तेवढा वेळ लागला. मग तो रस्त्याच्या मधोमध बसला आणि दोन्ही हातांनी लाल माती गोळा करायला लागला. रस्त्याच्या मधोमध! आम्ही तिघं मोठी माणसं त्याच्याभोवती उभी राहिलो. कुणालाच घाई नव्हती. मागून दोन शाळकरी पोरं सायकलचं टायर काठीनं पळवत आली, त्याला वळसा घालून गेली.

त्यानंतर आमच्या चालण्याचा हिशेब मुलांवर सोपवला. लोक इथं येतात आणि दिवसात किती पॉइंट करून झाले ते मोजतात. घोडेवाल्याकडे यादी असते, तो एकेका ठिकाणी थोडा वेळ थांबवतो, फोटो होतो, पुढं. लहान मुलांसाठी ती यादी निरुपयोगी आहे, असं माझं स्पष्ट मत झालं आहे. आम्ही सकाळी लुइसा पॉइंटकडे निघालो आणि वाटेतच जेवायची वेळ झाली, कारण एका झाडावर शेकरू होतं. तांबूस पाठीचं, झुपकेदार शेपटीचं. एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर त्यानं जी उडी घेतली तिनं थोरलीचा श्वासच अडकला. आपल्या राज्याचा प्राणी म्हणून पाठ्यपुस्तकात तिनं त्याचं चित्र पाहिलं होतं. जिवंत शेकरू वाकून बघत असताना तिथून हलायचं कशाला? नंतर कधीतरी आम्ही कड्यापर्यंत पोचलो. समोर प्रबळगडाचा रुंद माथा, मधे खोल दरी, आणि वाऱ्याचा आवाज. धाकट्याला तिथं फार रस नव्हता. कठड्यापासून लांब बसून तो मुंग्यांची रांग बघत होता. कड्यांवर मात्र मी त्याचा हात घट्ट धरला, तिथं सवलत नाही. हे येणाऱ्या पालकांनी लक्षात ठेवावं: बरेच कडे उघडे आहेत आणि सगळीकडे कठडे नाहीत.

माकडांचंही सांगायला हवं. इथली माकडं धीट आहेत, हातातली पिशवी ओढून नेतात. धाकट्याच्या हातातला बिस्किटाचा पुडा एका माकडानं असा अलगद काढून घेतला की तो रडायचंही विसरला. दुकानातल्या काकांनी समजावलं, खायला हातात धरून चालू नका आणि त्यांना मुद्दाम देऊही नका, माणसांनी दिल्यामुळंच त्यांना ही सवय लागली आहे. थोरलीनं हे इतकं मनावर घेतलं की पुढं कुणी माकडाला वेफर टाकताना दिसलं की ती जवळ जाऊन सांगायची, काका, नका देऊ. बहुतेक जण ऐकायचे. लहान मुलीचं लोक ऐकतात.

सगळ्या सुट्टीतला माझ्या लेखी सर्वांत मोठा प्रसंग घडला तो एका संध्याकाळी. थोरली म्हणाली, आई, मी एकटी जाऊन चिक्की आणू? दुकान हॉटेलच्या फाटकातून दिसत नव्हतं. एक वळण होतं आणि त्यापुढं थोडी चढण. डोंबिवलीत ती एकटी जिन्यावरून खालच्या मजल्यावर जाते तेव्हाही मी दार उघडं ठेवून कान देते. सासूबाई म्हणाल्या, नको गं, परकं गाव. मी विचार केला, भीती कसली वाटते? गाडीची. ती इथं नाही. वाट चुकायची? रस्ता एकच. माणसांची? सकाळपासून त्याच दुकानदारांना आणि घोडेवाल्यांना आम्ही तोंडओळखीनं हाका मारतोय. तिच्या हातात शंभराची नोट दिली. ती वळणाआड गेली आणि मी फाटकाशी उभी राहिले.

तिच्या वयाची असताना मी साताऱ्याच्या आमच्या पेठेत किराणा आणायला एकटी जायची. पिठाच्या गिरणीवर डबा ठेवून यायची, परत येताना मैत्रिणीच्या दारात लंगडी खेळून यायची. त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. माझ्या मुलीला आठ वर्षांत हे एकदाही करता आलं नव्हतं. ती भित्री आहे किंवा मी फार जपते म्हणून हे झालं असं मी मानत नाही. आपण शहरातले रस्तेच मुलांकडून काढून घेतले आहेत.

ती आली. वेळ लागला होता, कारण दुकानाशेजारी एका घोड्याला चारा घालत होते ते बघत ती थांबली होती. घोड्याचं नाव विचारून आली होती. चिक्कीचे उरलेले पैसे तिनं माझ्या हातात मोजून दिले आणि म्हणाली, त्यांनी मला विचारलं, शेंगदाण्याची की काजूची, तर मी सांगितलं मिक्स. एवढंच. पण रात्री जेवताना तिनं ही हकिकत आजीला सांगितली, झोपताना बाबाला सांगितली, आणि आता डोंबिवलीत आल्यावरही पाहुण्यांना माथेरानचं काय सांगते तर हेच.

गावात आमच्या वाटेवर भाई कोतवालांचं नाव आलं आणि मी मुलांना त्यांची गोष्ट सांगितली. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल १९१२ मध्ये माथेरानातच जन्मले, एका नाभिक कुटुंबात. शिकून वकील झाले, गावाच्या नगरपालिकेत काम केलं, सावकारांच्या तावडीतल्या शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या काढल्या, शाळा चालवल्या. १९४२ च्या आंदोलनात त्यांनी आझाद दस्ता उभा केला आणि मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडायला सुरुवात केली. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांच्या गोळ्यांनी ते आणि त्यांचे साथी हिराजी पाटील हुतात्मा झाले. तीस वर्षांचे होते भाई. थोरलीनं विचारलं, त्यांना मुलं होती का? मनोरे कसे पाडायचे, हा प्रश्न धाकट्याचा. हॉटेलच्या गच्चीवरून खाली नेरळ-कर्जतकडचे दिवे दिसत होते तेव्हा तिनं आपणहून म्हटलं, म्हणजे त्यांनी हे दिवे बंद केले होते. थंड हवा खायला येणारी हजारो माणसं या गावात रोज उतरतात. त्यांच्या पोरांना ही गोष्ट इथंच, याच रस्त्यांवर कळायला हवी.

आता दुसऱ्या बाजूचं. मोटार नाही म्हणजे ओझं माणसांच्या आणि जनावरांच्या पाठीवर. गॅसचे सिलिंडर, दूध, भाजी, विटा, सिमेंट, सगळं दस्तुरीहून घोड्यांवर, हातगाड्यांवर किंवा हमालांच्या डोक्यावरून येतं. हातरिक्षाही इथं चालत आल्या. एक माणूस पुढं ओढायचा, बाकीचे मागून ढकलायचे, आणि आत दुसरा माणूस बसलेला. सासूबाईंना चालवणार नव्हतं, पण त्या म्हणाल्या, माणसानं ओढलेल्या गाडीत मी बसणार नाही. मग आम्हाला ई-रिक्षा मिळाली. डिसेंबर २०२२ मध्ये त्या प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाल्या. चालवणारे दादा आधी वर्षानुवर्षं हातरिक्षा ओढत होते. मी विचारलं, कसं वाटतं आता? त्यांनी उत्तर दिलं, ताई, आता घरी गेल्यावर पोराशी बोलायला अंगात जीव असतो.

हे वाक्य मी विसरू शकत नाही. माझ्या मुलाचा हात सुटावा म्हणून कुणाच्या तरी मुलाचा बाप संध्याकाळी नुसता आडवा होत होता. आम्ही परत आल्यानंतर, ऑगस्ट २०२५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं माथेरानमधल्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून त्या ओढणाऱ्यांचं ई-रिक्षांच्या आधारानं पुनर्वसन करावं, असा आदेश दिला. वाचून सासूबाईंनी मला हाक मारून बोलावलं आणि पुन्हा वाचायला लावलं. गावातल्या शाळकरी मुलांनाही ई-रिक्षाचा उपयोग झाला आहे. इतकी वर्षं त्यांना लांबून दप्तर पाठीवर घेऊन चालावं लागे, आणि माथेरानच्या पावसात ते चालणं सोपं नसतं. म्हणजे मोटारबंदी टिकवायची आणि माणसानं माणसाला ओढणंही थांबवायचं, हे दोन्ही एकत्र होऊ शकतं. फक्त ई-रिक्षांची संख्या आणि त्यांच्या वाटा ठरलेल्या असाव्यात. उद्या त्यांचीच रांग लागली तर पोराला रस्त्याच्या मधोमध बसता येणार नाही.

रस्त्याच्या कडेला करवंदं आणि जांभळं विकणाऱ्या बाया बसलेल्या होत्या. पानाच्या द्रोणात करवंदं, त्यावर मीठ. त्यातल्या एकीशी सासूबाईंच्या गप्पा जमल्या. पायथ्याच्या वाडीतून ती पहाटे निघते, टोपली डोक्यावर घेऊन डोंगर चढते आणि माल संपला की उतरते. तिचा मुलगा शेजारी बसून सुट्टे पैसे मोजत होता, माझ्या थोरलीपेक्षा थोडा मोठा. दोघं काही वेळ एकमेकांकडे नुसतं बघत होती. मग त्यानं करवंद दोन बोटांत धरून आतला रंग ओळखायचा खेळ दाखवला, आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. धाकटाही सामील झाला. तासभर तिघं तिथं बसली, तोंडं चिकानं चिकट आणि हात जांभळे. आमच्याजवळ उभ्या एका कुटुंबातला माणूस द्रोणाची किंमत कमी करायला बाईशी हुज्जत घालत होता. दोन-अडीच हजार फूट चढून आणलेल्या फळांसाठी! मला बोलायचं होतं, पण आधी सासूबाईच बोलल्या, आणि नीट बोलल्या. मुलगा शाळेत जातो का, हेही त्यांनी विचारलं. जातो, बाई म्हणाली, सुट्टीत माझ्याबरोबर येतो. माझ्या मुलांची सुट्टी आणि त्याची सुट्टी एकाच रस्त्यावर चालली होती. या दोन सुट्ट्यांतला फरक थोरलीला दिसला हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. मी त्यावर काही समजावलं नाही. तिला ते तिच्या पद्धतीनं कळू द्यावं असं वाटलं.

रस्त्यांचं आणखी एक. पावसात ही लाल माती वाहून जाते, म्हणून काही भागात पेव्हर ब्लॉक घातले गेले, आणि त्यावरून गावात बरेच वाद झाले. घोड्यांचे पाय त्यावर घसरतात, अशी घोडेवाल्यांची तक्रार आम्ही ऐकली. दस्तुरीपासून गावातल्या शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतचा मुख्य रस्ता सोडला तर आतल्या वाटा मातीच्याच राहाव्यात, असं न्यायालयाच्या त्याच आदेशातही आहे, आणि मला ते पटतं. मातीत मूल पडलं तर उठतं. धाकटा कितीदा पडला आणि गुडघे झटकून पुढं पळाला.

परत येताना आम्ही अमन लॉजपर्यंत चालतच गेलो, रुळांच्या कडेनं. सासूबाईंना ई-रिक्षानं पुढं पाठवलं होतं. थोरली पुढं, धाकटा मधे, आम्ही मागं. दस्तुरीला पोचल्यावर गाड्यांची रांग दिसली, घाटात खाली वळणापर्यंत लागलेली. हॉर्न वाजत होते, एक बाई काच खाली करून पार्किंगवाल्यावर ओरडत होती. रस्ता वरपर्यंत न्यायला काय होतं, असं त्या रांगेतल्या एका गृहस्थांनी माझ्या नवऱ्याला विचारलं. मुलं लहान आहेत, सामान आहे, चालायचं कसं, असं त्यांचं म्हणणं. त्यांची अडचण खरी होती. पण उपाय ते नेमका उलटा सांगत होते. त्यांच्याच मुलांसाठी ती गाडी तिथं थांबायला हवी. सामानाला हमाल आहे, शटल आहे, म्हाताऱ्यांना ई-रिक्षा आहे.

तुमच्या घरात लहान मुलं असतील तर तुम्हाला मी मनापासून सांगेन. या उन्हाळ्यात माथेरानला जा, एका दिवसात परत फिरू नका, रात्री राहा. पॉइंटांची यादी मुलांच्या हातात देऊ नका. करवंदं घ्या, सांगतील त्या किमतीला घ्या. प्लास्टिक खाली घेऊन जा. आणि दस्तुरीच्या पुढं डांबरी रस्ता न्यावा, मोटारी सोडाव्यात, अशी मागणी तुमच्यासमोर कुणीही केली, तर मुलांचे आईबाप म्हणून तिला विरोध करा. मोठ्यानं करा, लिहून करा, आणि स्थानिक लोक करत असतील तिथं त्यांच्या बाजूनं उभे राहा.